ढालकिड्याची ओळख आणि ठिपक्यांची गणती

शेतकी पुस्तिकांमध्ये ज्याला ढालकिडा, चित्रांग भुंगेरा किंवा सरळ लेडीबर्ड म्हटलेले असते, तो कीटक बहुतेकांच्या ओळखीचा असतो तो त्याच्या रंगामुळे. खाली सपाट, वर फुगीर, वाटाण्याहून लहान अशी तांबडी किंवा पिवळी ढाल आणि तिच्यावर काळे ठिपके एवढे दिसले की पाहणाऱ्याची खात्री पटते, आणि ती खात्री सहसा चुकतही नाही. परंतु या कीटकांच्या वर्गीकरणाचा गेल्या अडीच शतकांचा इतिहास पाहिला तर असे आढळते की अभ्यासकांनी त्यांच्याविषयी जे काही पक्के ठरवले, त्यातले बरेचसे ठिपक्यांवरची नजर काढून ती इतरत्र वळवल्यावरच हाती लागले. ढालपंखी गणातील, म्हणजे ज्यांचे पुढचे पंख कडक होऊन पाठीवरची ढाल बनलेले असतात अशा कीटकांच्या गणातील, कॉक्सिनेलिडी हे ते कुल होय. परस्परांत प्रजनन करणाऱ्या जीवांचा समूह ती जाती, निकटच्या जातींची मिळून प्रजाती आणि अनेक प्रजातींचे मिळून कुल, अशी जी चढती मांडणी जीवशास्त्रात रूढ आहे, तिच्यानुसार या एका कुलात आज सुमारे ३६० प्रजाती आणि सुमारे ६,००० जाती गणल्या जातात. त्यांपैकी फार मोठ्या संख्येला एकही ठिपका नसतो. एक ते तीन मिलिमीटर लांबीचे, तपकिरी किंवा काळपट, अंगावर बारीक लव असलेले हे भुंगेरे डोळ्यांसमोर असूनही कोणी त्यांना ढालकिडा म्हणून ओळखत नाही.

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि प्राण्यांच्या आजच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ त्या आवृत्तीपासून धरतात. तिच्यात त्याने हे सारे भुंगेरे कॉक्सिनेला या एकाच प्रजातीत घातले. या नावाच्या मुळाशी किरमिजी रंगाचा वाचक लॅटिन शब्द आहे, म्हणजे प्रजातीचे नावच रंगावरून पडलेले आहे. पुढची विभागणीही त्याने रंगावरूनच केली: तांबड्या किंवा पिवळ्या ढालीवर काळे ठिपके असलेले एका बाजूला, पांढरे ठिपके असलेले दुसऱ्या बाजूला आणि काळ्या ढालीवर तांबडे डाग असलेले तिसऱ्या बाजूला. प्रत्येक जातीचे नाव म्हणून त्याने बहुधा ठिपक्यांची संख्या दिली, आणि तीही अंकात लिहिली, त्यामुळे एखाद्या दुकानदाराच्या मालाच्या यादीसारखी ही पाने दिसतात. आजच्या नामकरणाच्या नियमांनुसार हे अंक लॅटिन शब्दांत उलगडून लिहावे लागतात आणि मग सेप्टेमपंक्टाटा, म्हणजे सात ठिपक्यांची, किंवा व्हिजिंटिक्वाटूअरपंक्टाटा, म्हणजे चोवीस ठिपक्यांची, अशी जिभेची परीक्षा पाहणारी नावे तयार होतात.

ही पद्धत बालिश होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लिनियसपुढे टाचणीला टोचलेले वाळके नमुने होते आणि दूर देशीच्या दुसऱ्या अभ्यासकाला पत्रातून कळवता येईल असे, मोजता येणारे लक्षण त्याला हवे होते. ठिपका मोजता येतो. अडचण अशी की जे सहज मोजता येते ते महत्त्वाचे असतेच असे नाही. लिनियसच्याच यादीतील तीन नावे शेजारी ठेवली तरी हे ध्यानात येते. सात ठिपक्यांचा भुंगेरा मावा खातो. बावीस ठिपक्यांचा, पिवळाधमक भुंगेरा मावा खात नाही, किंबहुना कोणतेच किडे खात नाही. पानांवर पांढऱ्या पिठासारखी जी भुरी येते, त्या बुरशीवर तो जगतो. चोवीस ठिपक्यांचा भुंगेरा तर चक्क पाने खातो. एक शिकारी, एक बुरशीखाऊ आणि एक शाकाहारी, असे तीन वेगळे संसार सात, बावीस आणि चोवीस या आकड्यांखाली बिनतक्रार एकत्र नांदत होते आणि त्या आकड्यांवरून त्यांच्यातला भेद कोणाला उमगण्याची शक्यता नव्हती.

त्याहून पंचाईतीची गोष्ट दोन ठिपक्यांच्या जातीत घडली. आज अडेलिया बायपंक्टाटा या नावाने ओळखली जाणारी ही युरोपातील जाती नेहमीच्या रूपात तांबडी असून तिच्या दोन्ही ढालींवर एकेक काळा ठिपका असतो. परंतु याच जातीतील कित्येक भुंगेरे काळे असतात आणि त्यांच्यावर चार किंवा सहा तांबडे डाग असतात. लिनियसने तांबड्या रूपाला दोन ठिपक्यांचा म्हणून एक नाव दिले आणि काळ्या रूपाला सहा डागांचा म्हणून वेगळी जाती मानून दुसरे. तांबडे आणि काळे भुंगेरे एकमेकांशी संग करतात आणि एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रंगांची प्रजा निघते, हे वाळक्या नमुन्यांच्या पेटीत कळण्यासारखे नव्हतेच. जातीची कसोटी प्रजननाची असेल तर ती जिवंत प्राण्यावरच लावता येते, आणि ही साधी गोष्ट वर्गीकरणाच्या व्यवहारात मुरायला बराच काळ जावा लागला.

रंगाच्या या चंचलतेचा सर्वांत बोलका दाखला हार्मोनिया ॲक्सिरिडिस या आशियाई जातीचा आहे. पीटर पल्लासने १७७३ मध्ये तिचे पहिले वर्णन केले. त्यानंतर तिची इतकी निरनिराळी रूपे सापडत गेली की शंभराहून अधिक नमुन्यांची नोंद झाली: पिवळ्यावर एकोणीस काळे ठिपके असलेले, ठिपके पार नाहीसे झालेले, काळ्यावर दोन तांबडे डाग असलेले, चार असलेले, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे. थिओडोसियस डॉबझान्स्की हा पुढे उत्क्रांतिशास्त्राचा मोठा आचार्य झाला, परंतु त्याची सुरुवात कीव्हमध्ये ढालकिडे गोळा करण्यापासून झाली होती आणि १९१८ मधला त्याचा पहिला शोधनिबंधही ढालकिड्याच्या एका नव्या जातीवर होता. हार्मोनियाची ही रूपे सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाहीत, सायबेरियाच्या पश्चिम भागात जवळजवळ एकाच काळ्या रूपाचे राज्य असते तर पूर्वेकडे इतर रूपांचे प्रमाण वाढत जाते, हे त्याने दाखवले. ज्या वैविध्यामुळे वर्गीकरणकार हैराण झाले होते, तेच डॉबझान्स्कीच्या हाती उत्क्रांती कशी घडते हे समजण्याचे साधन झाले. एकाच जातीच्या पोटात इतके भेद असतात आणि ते भूगोलाप्रमाणे बदलतात, ही गोष्ट त्याने १९३७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथातही मांडली. त्याचाच विद्यार्थी तान चिया-चेन या चिनी शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये असे सिद्ध केले की दोन वेगळ्या नक्ष्यांच्या भुंगेऱ्यांचा संकर केला तर प्रजेच्या ढालीवर दोन्ही नक्ष्यांतले काळे भाग एकावर एक ठेवल्यासारखे उमटतात. पुढे २०१८ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी या साऱ्या नक्ष्यांमागचे सूत्र पॅनियर नावाच्या एकाच जनुकाच्या भोवती असल्याचे दाखवून दिले. ज्या लक्षणावर एका काळी जाती उभ्या केल्या गेल्या, ते एका जनुकाच्या फेरफाराने पालटणारे निघाले.

भारतीय शेतात हा गोंधळ रोजचाच आहे. कपाशी, ज्वारी, चवळी अशा कितीतरी पिकांवर दिसणारा किलोमिनीस सेक्समॅक्युलाटा हा भुंगेरा नावाने सहा डागांचा आहे, परंतु प्रत्यक्षात त्याच्या ढालीवर बहुतेक वेळा डागांऐवजी नागमोडी पट्टे दिसतात. भातखाचरांत आढळणाऱ्या मिक्रास्पिस डिस्कलरच्या नारिंगी ढालीवर ठिपकाच नसतो. आणि वांग्याच्या पानांची चाळण करणाऱ्या हेनोसेपिलॅकना व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटाचे नाव अठ्ठावीस ठिपके मोजून घ्यायला सांगते, तरी त्याच जातीतल्या पुष्कळ भुंगेऱ्यांवर बाराच ठिपके असतात. बारा ठिपक्यांचे ते वेगळ्या जातीचे, अशी समजूत त्यामुळेच दीर्घकाळ टिकून राहिली.

मग ठिपके सोडून पाहायचे ते काय, या प्रश्नाची पहिली चांगली उत्तरे फ्रान्समध्ये मिळाली. पिएर आंद्रे लात्रेय याने १८०७ मध्ये कॉक्सिनेलिडी हे कुल स्थापन केले. त्या काळात भुंगेऱ्यांची विभागणी पावलाच्या खंडांवरून करण्याची प्रथा पडत होती; कीटकाचे पाऊल लहान लहान खंड जोडून बनलेले असते आणि ढालकिड्याच्या पावलात असे तीनच खंड दिसतात, म्हणून तो त्रिखंडी गटात गेला. पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर आढळले की खंड चार आहेत, परंतु तिसरा इतका चिमुकला असतो आणि दुसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये असा लपलेला असतो की भिंगाखालीही तो चटकन दिसत नाही. त्यामुळे या गटाला छद्मत्रिखंडी, म्हणजे तीन खंडांचे सोंग करणारे, असे मोठे समर्पक नाव पडले. लिऑनच्या एतिएन मुल्साँने तोंडाशी असलेल्या, अन्न चाचपून पाहणाऱ्या उपांगांकडे लक्ष वेधले; त्यांचा शेवटचा खंड ढालकिड्यांत कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंदावलेला असतो. मुल्साँने १८५० मध्ये जगभरच्या ढालकिड्यांवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातही ही कुऱ्हाड आहे. उघड्या अंगाचे आणि लव असलेले असे कुलाचे दोन मोठे भाग करावेत, हा विचारही मुल्साँचाच. त्यानंतर शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड मोजले गेले, पोटाच्या पहिल्या वलयावर मांडीमागे उमटलेली बारीक रेषा तपासली गेली आणि विसाव्या शतकात तर नराची जननेंद्रिये बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय जातीविषयी खात्रीने काही बोलू नये, असा दंडकच झाला. दुरून पाहताच ओळखू येणारा प्राणी म्हणून ज्याची ख्याती, त्याचे नाव सांगायला त्याचे पोट उघडावे लागावे, यात एक विनोद आहे, आणि तो या विषयातल्या अभ्यासकांनीही मनोमन कबूल केलेला असणार.

दुसरी वाट आहाराची. व्हिएन्नाच्या लुडविग रेडटेनबाखरने १८४३ मध्ये जबड्यांच्या घडणीवरून वनस्पती खाणारे आणि मावा खाणारे असे दोन गट पाडले. शिकारी ढालकिड्याच्या जबड्याचे टोक एक किंवा दोन दातांचे, पकडून फोडण्याजोगे असते आणि बुडाशी आणखी एक दात असतो. पाने खाणाऱ्याच्या जबड्याला टोकाशी अनेक दात असतात व बुडाचा दात नसतो, त्यामुळे तो पानाचा हिरवा गर खरवडून काढतो आणि शिरांची जाळी तशीच ठेवतो. भुरी खाणाऱ्याच्या जबड्यावर बारीक दातांची फणीच बसवलेली असते. हा भेद खरा आहे, डोळ्यांनी पडताळता येतो आणि शिवाय माणसाच्या सोयीचाही आहे, कारण त्याने मित्रकीटक एका बाजूला आणि शत्रुकीटक दुसऱ्या बाजूला पडतात. इतका सोयीचा भेद निसर्गाचाही असणार असे मानण्याचा मोह साहजिक होता. जपानचे हिरोयुकी सासाजी यांनी १९६८ मध्ये प्रौढ आणि अळी या दोन्ही अवस्थांची लक्षणे तपासून कुलाची सहा उपकुले केली, तेव्हा पाने खाणाऱ्यांना एपिलॅकनिनी हे स्वतंत्र उपकुल मिळाले, आणि जवळजवळ चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून हीच मांडणी शिकवली गेली. भारतीय उपखंडातील ढालकिड्यांची जी सूची जे. पूराणी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात सुमारे ४०० जाती आहेत, परंतु तीही एपिलॅकनिनी वगळून केलेली आहे.

या शतकात मात्र ही भिंत कोसळली. ॲडम स्लिपिन्स्की यांनी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ढालकिड्यांवरच्या ग्रंथात सहा उपकुलांच्या जागी दोनच ठेवली: मिक्रोवाइझिनी, ज्यात अगदी बारीक आणि बहुतेकांनी कधी न पाहिलेले भुंगेरे येतात, आणि कॉक्सिनेलिनी, ज्यात बाकीचे सारे. जनुकांच्या रचनेची तुलना करून वंशावळ काढण्याचे जे अभ्यास पुढे झाले, त्यांनी या मांडणीला पाठिंबा दिला. २०२१ मधील एका व्यापक अभ्यासाने मोनोकोरिनिनी हे लहानसे तिसरे उपकुल तेवढे वेगळे केले. पाने खाणारे भुंगेरे या वंशवृक्षाच्या बुंध्यापाशी किंवा बाहेर नाहीत. शिकाऱ्यांच्या फांद्यांच्या मधोमध त्यांची एक फांदी आहे, आणि म्हणून त्यांचा दर्जा उपकुलावरून उतरून कॉक्सिनेलिनीमधील एका पोटगटाचा झाला. ढालकिड्यांचे पूर्वज खवले कीड, म्हणजे झाडाला चिकटून रस शोषणारी आणि अंगावर कवच धरणारी कीड, खाणारे असावेत, असा या अभ्यासांचा कौल आहे. तिथून कोणी माव्याकडे वळले, कोणी पांढऱ्या माशीकडे, कोणी कोळ्यांकडे, कोणी बुरशीकडे आणि कोणी थेट पानांकडे. वांग्यावरचा ढालकिडा आणि माव्यावरचा ढालकिडा यांचे नाते त्यामुळे शेतकऱ्याला वाटते त्याहून बरेच जवळचे ठरते. शत्रू आणि मित्र ही वर्गवारी खोटी म्हणता येत नाही, कारण ती पिकाच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. फक्त वंशाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती चालत नाही.

वर्गीकरण ही केवळ पेट्या लावण्याची हौस नव्हे, हे या कुलाच्या बाबतीत पैशाच्या हिशेबाने सिद्ध झालेले आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापसासारखी अंडथैली बाळगणाऱ्या एका खवले किडीने उजाड होऊ लागल्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आली असल्याने तिचा शत्रूही तिथेच शोधावा, असे ठरून आल्बर्ट कोबेले यांना तिकडे पाठवण्यात आले आणि १८८८-८९ च्या सुमारास त्यांनी मुल्साँने वर्णन केलेला, व्हेडालिया या नावाने प्रसिद्ध झालेला एक छोटा तांबडा-काळा ढालकिडा पाठवला. पहिल्या काही खेपांत पोचलेल्या भुंगेऱ्यांची संख्या अवघी १२९ होती आणि वर्षाच्या आत बागा सावरल्या. हा भुंगेरा मावा खात नाही, पिठ्या ढेकूणही खात नाही, ठरावीक गटाच्या खवल्यांवरच जगतो. तांबडा-काळा दिसतो म्हणून दुसरा कोणता ढालकिडा बागेत सोडला असता तर तो उपाशी मेला असता. त्याच्या नावाचे मात्र स्थैर्य नाही: व्हेडालिया जाऊन रोडोलिया आले आणि २०२० मधील पुनरावलोकनानंतर त्याला नोव्हियस या प्रजातीत नेण्यात आले. नाव बदलले की बागाईतदार वैतागतो, परंतु त्या बदलामागे नात्याची अधिक चांगली समज असते.

महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांना परिचित असलेला क्रिप्टोलेमस मॉन्ट्रुझिएरी हाही ऑस्ट्रेलियाचाच. तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला तो कॉफीवरील हिरव्या खवल्यांसाठी; त्या कामात त्याचा उपयोग झाला नाही, परंतु पिठ्या ढेकणावर त्याने येथे कायमचे बस्तान बसवले. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे असे झुपके असतात की तीच पिठ्या ढेकूण वाटते आणि अनभिज्ञ माणूस आपल्याच मदतनिसावर औषध फवारतो. लाल कोळी खाणारा स्टेथोरस जेमतेम दीड मिलिमीटरचा, काळा आणि लवदार. भुरीवर दिसणारा पिवळा इलीस सिंक्टा. खवल्यांवर जगणारा, काळ्या मण्यासारखा तकतकीत किलोकोरस नायग्रिटा. अशी ही माणसे एकाच घराण्यातली आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणी ओळखणार नाही.

रंगावरून फसणे हे काही फक्त शास्त्रज्ञांच्या वाट्याला आलेले नाही. पावसाच्या सुरुवातीला जमिनीवर दिसणारा मखमली तांबडा मृगाचा किडा आणि तांबडा ढालकिडा यांची पुष्कळदा सरमिसळ होते. मात्र मृगाच्या किड्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातला आहे. ढालकिडा या मराठी नावाने रंग बाजूला ठेवून आकार पकडला आणि त्यामुळे ते नाव बिनठिपक्यांच्या जातींनाही लागू पडते, हे त्याचे बळ आहे. त्या मानाने लेडीबर्ड हे इंग्रजी नाव ख्रिस्तमाता मेरीवरून पडलेले, सात ठिपक्यांमध्ये तिची सात दुःखे पाहणाऱ्या श्रद्धेतून आलेले, आणि पुन्हा ठिपक्यांशीच बांधलेले.

वांग्याच्या शेतात मित्र आणि शत्रू कसे ओळखावेत यासाठी एक सोपी खूण सांगता येते: ढाल तकतकीत असेल तर भुंगेरा मावा खाणारा, आणि ती लवेमुळे मंद, फिकट दिसत असेल तर पाने खाणारा. ही खूण म्हणजे मुल्साँची उघड्या आणि लवदार अंगाची विभागणीच, आणि पानावरच्या मोठ्या भुंगेऱ्यांपुरती ती बरोबरही आहे. परंतु स्टेथोरस किंवा स्किम्नस यांसारखे मोहरीच्या दाण्याएवढे शिकारी भुंगेरेही लवदारच असतात, त्यामुळे लव दिसताच भुंगेरा चिरडणाऱ्याच्या हातून तेही मरतात. अशा वेळी भुंगेऱ्याकडे पाहण्यापेक्षा तो बसलेल्या पानाकडे पाहिलेले अधिक उपयोगी पडते: पान खरवडलेले असून शिरांची पायऱ्यापायऱ्यांची जाळी राहिली असेल आणि खालच्या बाजूला फांद्या फुटलेल्या काट्यांची पिवळी अळी बसलेली असेल, तर ते काम अठ्ठावीस ठिपकेवाल्याचे, मग त्याच्या पाठीवर ठिपके बारा का असेनात.